स्टेपनीची जागा

‘स्टेपनी’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याचे ते नाव आहे, हे ध्यानातही येत नाही. त्या रस्त्यावरच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आऱ्यांविना नुसती कडी आणि तिच्यावर हवा भरलेला टायर असे चाक बनवले. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाजूने जखडायचे आणि गाडी पुढे न्यायची. एरवी धुळीत बसून ट्यूब सांधणे आलेच.

मला कुतूहल आहे ते या जादा चाकाला मिळालेल्या जागेचे. सुरुवातीच्या कित्येक आलिशान गाड्यांच्या छायाचित्रांत ते फूटबोर्डवर, चालकाच्या अगदी कुशीला उभे केलेले दिसते. परिणामी त्या बाजूने चालकाला चढता येत नसे. त्याने पलीकडून शिरावे आणि सरकत आपल्या जागी यावे. मालकाचे मागचे दार मात्र मोकळे!

पुढे १९२०–३० च्या दशकांत पुढच्या मडगार्डांत खोलगट खोबणी आल्या. पॅकार्डसारख्या गाड्यांचे गिऱ्हाईक जादा किंमत मोजून दोन्ही बाजूंना चाके बसवून घेई, त्यांवर गाडीच्या रंगाची पत्र्याची झाकणे चढवी. गरज एकाची, पण एकाने तोल साधत नाही. चाक मागे टांगणे अधिक सोयीचे खरे; पण मग सामानाची पेटी कुठे ठेवायची? १९४० च्या लिंकन कॉन्टिनेन्टलने ते मागे उभे करून झाकले, तर त्याचीच फॅशन झाली.

तासिका तत्त्वावर मी सात वर्षे शिकवले. स्टाफरूममध्ये आम्हांला ‘स्टेपनी’च म्हणत, प्रेमाने म्हणत असेही म्हणता येईल. आमची खुर्ची दाराशी, मस्टरच्या टेबलाला खेटून, कपाट नाही. मूल्यांकन समिती आली त्या दिवशी मात्र आम्हांला इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसवण्यात आले. मडगार्डातल्या त्या झाकणबंद चाकांची छायाचित्रे पाहताना मला ती रांग आठवते.

आताच्या काही महागड्या गाड्यांत जादा चाक नसतेच. बूटमध्ये सीलंटची बाटली आणि छोटा पंप असतो. आमच्या विभागातही गेल्या वर्षी दोघे निवृत्त झाले. त्यांच्या तासिका उरलेल्यांत वाटून टाकल्या.