‘बॅक’ दाबलंच कशाला?

‘बॅक बटण दाबू नका असं लाल अक्षरांत लिहिलंय ना? मग दाबलंच कशाला?’ हेल्पलाइनवरच्या माणसाचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्ती, प्रवेश, भरती, सगळं चालतं. ते वाक्य ऐकलं त्या दिवशी एका भरतीची शेवटची तारीख होती. एक मुलगी आली आणि म्हणाली, ‘दादा, माझा फॉर्म मीच भरते, फक्त कॉम्प्युटर द्या.’ मला बरंच वाटलं. बैठक क्रमांक, सेमिस्टरवार गुण, पत्ता, पिनकोड, सगळं तिने गुणपत्रिका समोर ठेवून नीट भरलं. फोटो आणि सही सांगितलेल्या केबीत बसवायला तेवढी मी मदत केली.

प्रीव्ह्यू आला. एकेक ओळ वाचत ती खाली आली आणि थांबली. ‘नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आहे का? नाही.’ प्रमाणपत्र तर तिच्या फाइलमध्ये होतं! त्या रकान्यात ‘नाही’ आधीपासूनच निवडलेलं होतं, ते तसंच पुढे आलं.

पानाच्या तळाशी दोनच बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘पुढे जा’. ‘मागे’ नाही, ‘बदल करा’ नाही. वर टप्प्यांची पट्टी होती, तिच्यावर क्लिक करून पाहिलं, काही हलेना. पुढे जावं तर आरक्षणाचा हक्क जातो, रद्द करावं तर सगळा अर्जच जातो. तिने ब्राउझरचा डावीकडचा बाण दाबला. दुसरं करणार काय? फॉर्म पुन्हा पाठवावा लागेल, असा संदेश आला. रिलोड केलं, तर सेशन संपलं. पुन्हा लॉगिन करायचं तर ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, आणि वडील बाजाराला गेलेले. फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. आत गेलो तर पहिलं पान कोरं. भरलेला एक शब्दही राहिला नव्हता. मागे मुलं ताटकळत होती, सर्व्हर मध्येच अडकत होता, आणि ती पोरगी पुन्हा पहिल्या सेमिस्टरपासून गुण टाकत होती. एकच उत्तर बदलायचं होतं हो! एकच.

रात्री उशिरा अर्ज गेला. ‘गेला ना, मग झालं की,’ असं मला अनेकांनी ऐकवलं. झालं कसं? ज्याला पुन्हा भरायला वेळ मिळाला नाही, ज्याच्या घरच्यांचा फोन लागला नाही, त्याचं काय?

भरलेलं न पुसता मागे जाऊ देणं जमत नाही असं नाही. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र वेब-पत्ता द्यायचा, पान पुढे नेताना माहिती साठवायची आणि मग ब्राउझरला नव्या पत्त्यावर वळवायचं. एवढं केलं की बाण दाबला तरी माणूस आधीच्या पानावर जातो, आणि ते पान भरलेलं असतं. वेबसाइट बनवणाऱ्यांना ही पद्धत फार वर्षांपासून माहीत आहे. ब्रिटनच्या सरकारी फॉर्मांच्या नियमावलीत प्रश्नाच्या पानावर वरच मागे जायची लिंक सांगितली आहे, आणि शेवटच्या तपासणीच्या पानावर प्रत्येक उत्तरासमोर ‘बदला’. तेवढं बदललं की माणूस परत तपासणीच्या पानावर. डब्ल्यूसीएजी 2.2 हे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष ऑक्टोबर 2023 मध्ये आले. एकाच प्रक्रियेत एकदा दिलेली माहिती माणसाला पुन्हा टाइप करायला लावू नका, हा त्यातला अगदी प्राथमिक पातळीचा निकष आहे.

अडचणी मलाही दिसतात. प्रवर्ग बदलला की शुल्क बदलतं, पात्रता बदलते, पुढची पानं पुन्हा तपासावी लागतात. आणि पैसे भरताना पेमेंटच्या पानावर ‘आता कशालाच हात लावू नका’ असं मीच मुलांना ओरडून सांगतो. तिथे मागे जाण्याला आवर हवाच. पण पेमेंटचा नियम पत्त्याच्या आणि गुणांच्या पानांना कशाला?

मुलांना मी सांगतो, प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा, ओटीपीचा मोबाइल जवळ ठेवा, शेवटच्या दिवसावर जाऊ नका. सांगतो खरं, पण ते मनाला पटत नाही. शेवटची तारीख म्हणजे शेवटची तारीख, त्या दिवशी येणाऱ्याचा काही गुन्हा नाही. फॉर्म सरळ झाले तर माझी गिऱ्हाइकं कमी होतील हेही मला कळतं. होऊ देत.

फॉर्म बनवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना एकच विनंती आहे. कंत्राटदाराचं बिल मंजूर करण्याआधी स्वतः बसून, स्वतःच्या मोबाइलवर तो फॉर्म शेवटच्या पानापर्यंत भरा आणि मग पहिल्या पानावरचं एक उत्तर बदलून दाखवा. बाकीचं सगळं जागच्या जागी राहिलं तरच तो फॉर्म लोकांसाठी खुला करा.