दोन नंबरचा कॅचर

बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर बेसबॉल! हसू नका. बे एरियात येऊन सोळा वर्षं झाली, तरी मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग आमचे चिरंजीव कॅचर झाले आणि माझे सगळे शनिवार मैदानाबाहेर फोल्डिंगच्या खुर्चीत जायला लागले.

कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर. तोंडावर जाळी, छातीवर चिलखत, पायांना पॅड, आणि एवढं सगळं चढवून उकिडवं बसायचं. या सामानाला इथे गमतीने 'अज्ञानाची अवजारं' म्हणतात, म्हणजे शहाणा माणूस ती अंगावर घालणारच नाही. पण बाकीचे सगळे फिल्डर ज्याच्याकडे तोंड करून उभे असतात आणि ज्याला अख्खं मैदान समोर दिसतं, असा तो एकटाच.

तर झालं असं, की सीझनच्या मध्येच टीममध्ये एक नवीन मुलगा आला. तोही कॅचर, आणि आमच्यापेक्षा सरस. (खोटं कशाला बोलू? सरसच आहे.) चिरंजीव दोन नंबरवर गेले. आपल्याकडे 'दोन नंबर'चा अर्थ वेगळा, इथे अर्थ एकच. बाकावर बसा.

तीन शनिवार बसला. तिसऱ्या शनिवारी गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, मी सोडतोय."

मावशी, हे वाचून लगेच फोन करू नकोस. तो ठीक आहे.

तेव्हा मात्र मला काही सुचेना. मग मी त्याला ब्रूस बोचीची गोष्ट सांगितली. नवरा जायंट्सचा भक्त असल्यामुळे घरात या माणसाची पारायणं झालेली आहेत. (आडनावावरून आमच्याकडे व्हायचं तेवढं हसून झालंय.) बोची जन्मला फ्रान्समध्ये, 1955 साली, वडील अमेरिकन सैन्यात होते म्हणून. 1978 मध्ये ह्यूस्टनकडून मेजर लीगमध्ये आला. मग मेट्स, मग सॅन डिएगो. नऊ सीझन खेळला आणि मॅचेस किती, तर 358. एका सीझनमध्ये एका टीमच्या 162 मॅचेस असतात, हे लक्षात घ्या. होमरन 26. म्हणजे पूर्ण कारकीर्द दुसऱ्या कुणाचा तरी राखीव म्हणून. सॅन डिएगोत पुढे टेरी केनेडी होता. तो गेल्यावर 1987 मध्ये बेनितो सँटियागो नावाचा पोरगा आला, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि बोचीचं मेजर लीगमधलं खेळणं तिथेच संपलं.

आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते, असं मी मोठ्या उत्साहाने सांगत होते. 1989 मध्ये सॅन डिएगोच्या अगदी खालच्या स्तरावरच्या, स्पोकेनच्या टीमचा मॅनेजर झाला. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे कोच आणि निम्मा कॅप्टन, खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये उभा असतो. अशी चार वर्षं त्याने छोट्या गावांच्या टीम्स सांभाळल्या. मग दोन वर्षं सॅन डिएगोचा तिसऱ्या बेसवरचा कोच. 1995 पासून तिथलाच मॅनेजर. 2007 मध्ये आमच्या सॅन फ्रान्सिस्कोत आला, आणि 2010, 2012, 2014 अशा तीन वर्ल्ड सिरीज! 1958 मध्ये टीम न्यूयॉर्कहून इकडे आली, तेव्हापासून एकही मिळाली नव्हती. 2019 ला थांबला, तीन वर्षांनी टेक्सासने बोलावलं, 2023 मध्ये त्यांनाही त्यांची पहिली वर्ल्ड सिरीज मिळवून दिली. 2025 चा सीझन संपल्यावर तिथूनही बाहेर पडला.

चिरंजिवांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तो पण चांगला खेळायचा नाही."

झालं! बारा वर्षांच्या मुलाला 'पुढे तू मॅनेजर होशील' म्हणणं म्हणजे 'खेळणं काही तुला जमणार नाही' असं सांगणं. आणि खरं सांगू, मला स्वतःला तरी काय माहीत होतं? बोचीला बाकावर बसणं आवडत होतं, असं थोडंच आहे? 1985 मध्ये याच माणसाने नोलन रायनसारख्या पिचरला होमरन मारून मॅच संपवली होती. त्या रात्री त्यालाही वाटलं असेलच की, उद्या मला खेळवा.

त्या रात्री झोप येईना म्हणून जुनं काहीबाही वाचत बसले. आणि बॅरी झिटो सापडला. झिटो हा पिचर, जायंट्सने सात वर्षांसाठी 12 कोटी 60 लाख डॉलर देऊन आणलेला. 2010 मध्ये प्लेऑफची वेळ आली आणि बोचीने त्याला यादीतूनच वगळलं. एवढा महागडा माणूस, एकही बॉल नाही! अशा खेळाडूचं पुढे काय होतं, ते आपण क्रिकेटमध्ये पाहिलेलं आहे. पण 2012 मध्ये टीम सेंट लुईसविरुद्ध 1-3 अशी मागे होती, आणखी एक हरली की घरी. त्या मॅचला बोचीने चेंडू दिला तो झिटोच्या हातात. झिटोने आठव्या इनिंगपर्यंत एकही रन दिला नाही. पुढे वर्ल्ड सिरीजची पहिली मॅचही त्यानेच टाकली आणि जिंकली. त्याच वर्षी टिम लिन्सेकम, दोनदा साय यंग पारितोषिक मिळवलेला पिचर, प्लेऑफमध्ये बहुतेक वेळ राखीव म्हणून आला आणि छान टाकून गेला.

मला वाटतं, हे पहिल्या नंबरवर आयुष्य काढलेल्या माणसाला जमलं नसतं. बाकावरच्या माणसाला आज 'नाही' कसं सांगायचं, की दोन वर्षांनी हाक मारली तर तो उठून येईल... हे बोची नऊ वर्षं त्या बाकावर बसून शिकला असणार. अर्थात हा माझा अंदाज. नवरा म्हणतो, नशीब पण होतं.

हे मात्र मी चिरंजिवांना सांगितलं नाही. एकदा तोंड पोळलं होतं. फक्त म्हटलं, "सीझन संपेपर्यंत जा, मग बघू."

परवाचा शनिवार. तो खेळला नाहीच, पण पिचर बदलायचा असला की नव्या पिचरला बाजूला सराव द्यायला राखीव कॅचर लागतो, तेवढ्यासाठी चिलखत चढवून उकिडवा बसला होता. येताना गाडीत आपणहून बोलायला लागला.

"आई, तो उंच मुलगा आहे ना, तो दमला की त्याचं कोपर खाली येतं. मग बॉल मधोमध पडतो. मी कोचना सांगितलं."

"मग? ऐकलं त्यांनी?"

"नाही." थोडा वेळ गप्प बसला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "पुढच्या इनिंगला चार रन गेले."