खर्जाची बदली चाकरी

लग्नाच्या मांडवात वाद्यवृंदाकडे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम गायकावर जाते, मग गिटारवर, मग ड्रमच्या चकाकत्या झांजांवर. बास गिटार वाजविणारा इसम कोठे उभा आहे, हे पाहुण्यांपैकी फार थोड्यांना सांगता येईल. बहुधा तो मागच्या बाजूस, ड्रमवाल्याच्या शेजारी, आपल्या ध्वनिवर्धकाला जवळजवळ टेकून उभा असतो. त्यातून तो त्या बँडचा मूळ वादक नसून दुसऱ्या कोणाच्या जागी आलेला बदली वादक असेल, तर विचारावयासच नको. हे दुपदरी अनामिकत्व आम्ही एक संपूर्ण लग्नसराई अनुभवले. धर्मगुरूने लग्नाच्या बँडमध्ये उभे राहणे उचित काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवेल. तो आमच्या धर्मग्रामातही उद्भवला होता. त्याविषयी यथावकाश लिहूच.

आधी वाद्याविषयी दोन शब्द. पूर्वी वाद्यवृंदातील खर्जाचे काम डबल बास नावाचे, माणसाहून उंच असे तंतुवाद्य करीत असे. ते वाहून नेणे अवघड आणि ट्रंपेट-ड्रमच्या गदारोळात ऐकू येणे त्याहून अवघड. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी, गिटारप्रमाणे गळ्यात अडकविता येणारी बास बाजारात आणली. तिच्या मानेवर धातूचे पडदे बसविले असल्याने स्वर नेमका लागे. म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असे ठेवण्यात आले. तारा अवघ्या चार. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, पुढची ५५, तिसरी ७३ आणि चौथी ९८. कागदावर लिहिलेल्या स्वराहून प्रत्यक्ष स्वर एक सप्तक खाली वाजतो. चर्चमधील मोठ्या पाइप ऑर्गनला पायाने वाजवावयाच्या पट्ट्या असतात आणि त्यांना सोळा फुटी नळ्यांची जोड असते; तिचेही कार्य हेच. ज्यांनी तंबोऱ्याची साथ ऐकली आहे, त्यांना या वाद्याचा धर्म समजावून सांगावयास नको. तंबोरा वाजत असताना त्याकडे कोणाचे लक्ष नसते. तो थांबला, की गाणे उघडे पडते.

आम्ही हे वाद्य शिकलो, तेही बदली म्हणूनच. १९९० च्या सुमारास आम्ही सेमिनरीत होतो. आमच्या गायकवृंदात बास वाजविणारा सहाध्यायी, आपले पाचारण निराळे आहे अशा निर्णयास येऊन घरी परतला. गायन शिकविणाऱ्या फादरांनी त्याची गिटार आमच्या हाती दिली. आम्हीच का, असे विचारता ते म्हणाले, “तुझी बोटे लांब आहेत आणि तुला गप्प बसता येते.” पहिला धडा त्यांनी योहान पाखेलबेल यांच्या ‘कॅनन’ या रचनेचा दिला. त्या रचनेत तीन व्हायोलिने एकमेकांचा पाठलाग करीत नाना प्रकारची नक्षी विणतात आणि खाली खर्जाचे वाद्य तेच आठ स्वर अठ्ठावीस वेळा वाजविते. प्रथम वाटते, यात कठीण ते काय? पंधराव्या आवर्तनाच्या सुमारास मन भटकू लागते, तेव्हा उत्तर मिळते. ज्या घरांत रोज संध्याकाळी रोझरीची माळ फिरते, तेथे याहून अधिक सांगणे न लगे.

पुढे गुरुदीक्षा झाली आणि गिटार पेटीत गेली. सणासुदीला गायकवृंदासाठी तेवढी ती बाहेर निघे. २०१८ सालच्या नाताळाच्या तोंडावर मात्र शेजारच्या गावातील एका बँडचे प्रमुख आमच्या दारी आले. पाच जणांचा हा बँड कित्येक वर्षे वसईच्या पट्ट्यात लग्ने वाजवीत होता. त्यांची स्वतःची अशी एकही रचना नाही. जिम रीव्हज यांची इंग्रजी गाणी, जुनी हिंदी चित्रपटगीते, कोंकणी गाणी, आपल्याकडील लग्नगीते, अशी लोकांना ठाऊक असलेली गाणी लोकांना हवी तशी वाजविणे, हाच त्यांचा व्यवसाय. आगमनकाळात आणि उपवासकाळात आपल्याकडे सहसा लग्ने होत नाहीत. तेव्हा या मंडळींची कमाई नाताळापासून राखेच्या बुधवारापर्यंत आणि नंतर पुनरुत्थानाच्या सणानंतर मे महिन्यात. २०१९ साली राखेचा बुधवार ६ मार्च रोजी होता. तोवर अकरा लग्नांच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या, विसारही हाती आला होता. आणि नोव्हेंबरात त्यांच्या बासवादकाला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला होता. डाव्या हाताची दोन बोटे आज्ञा मानीनाशी झाली होती.

बँडप्रमुखांना मार्ग नव्हता असे नाही. हल्लीच्या कीबोर्डवर डाव्या हाताने नुसती कॉर्ड धरली, की आतील यंत्रणा खर्ज आणि ठेका आपोआप पुरविते. वादक नको, त्याचा वाटाही नको. परंतु ते म्हणाले, “फादर, एकदा का कीबोर्डवर भागवलं, की मे महिन्यात त्यांना परत घ्यायला कुणी राजी होणार नाही. पाचाचे चार वाटे झाले, की पुन्हा पाच होत नाहीत. तरणा वादक आणला, तर तो जागा सोडणार नाही. आम्हाला असा माणूस पाहिजे, की जो येईल आणि जाईल.”

येणे आणि जाणे हा तर आम्हां धर्मगुरूंचा जन्माचा व्यवसाय! आम्ही बिशपमहाशयांच्या कानी ही गोष्ट घातली आणि त्यांच्या संमतीने होकार दिला. स्वतःच्या धर्मग्रामातील लग्नात वाजवावयाचे नाही आणि एक पैसाही स्वतःकडे ठेवावयाचा नाही, एवढ्या दोन अटी आम्ही आमच्यावर घालून घेतल्या. एका वयोवृद्ध गृहस्थांनी घरी येऊन विचारले, “फादर, वेदीवरचे हात तिथे शोभतील का?” आम्ही म्हणालो, “आजाऱ्याला परमप्रसाद नेऊन देतो, तेच हे हात. या आजाऱ्याच्या घरी भाकरीही गेली पाहिजे.” त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांच्या शंकेत चर्चविषयीचे प्रेमच होते.

खरी अडचण पुढेच होती. बदली वादकाने त्या रात्रीचे मानधन घ्यावे, ही या व्यवसायाची रीत. आमचा वाटा मूळ वादकाच्या घरी पाठवावा, असे आम्ही ठरविले. पण त्या स्वाभिमानी माणसाने तो नाकारला. “जो वाजवतो त्याचा पैसा, फादर. मी घरी बसून कसा घेऊ?” आम्ही म्हणालो, “मग घरी बसू नका. आम्हांला लग्नातले वाजविणे येत नाही, तुम्ही शिकवा. हा पैसा शिकवणीचा.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून त्यांनी कपाटातून एक वही काढली.

त्या वहीत सुमारे दोनशे गाणी होती. शब्द नाहीत, स्वरलेखन नाही. नुसते पट्टीचे अक्षर, कॉर्डचे क्रम आणि मधूनमधून लाल शाईच्या लहान लहान फुल्या. वॉल्ट्झच्या तीन मात्रांपैकी पहिलीच बासची असते. पण कडव्याच्या अखेरीस तिच्यावरही फुली होती. तेथे वाजवावयाचे नाही. कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तिथे नाचणारी जोडी वळते. खाली आवाज नसला, की पाऊल हलकं पडतं.” वादनाचे शास्त्र आम्ही ग्रंथांतून थोडेफार वाचले होते; हे मात्र कोठे वाचलेले नव्हते.

बदली वादकाला तालमीचा अवधी क्वचितच मिळतो. त्याला डोळ्यांनी ऐकावे लागते. आयत्या वेळी गायिकेचा आवाज बसला, की पट्टी बदलते. मग बँडप्रमुख पाठमोरेच हात मागे नेऊन बोटे दाखवितात: बोटे वर असतील तर तितके शार्प, खाली असतील तर तितके फ्लॅट. गिटारवाल्याचा डावा हात कोणत्या पडद्यावर सरकतो, यावर एक डोळा ठेवावयाचा आणि कान ड्रमवाल्याच्या पायाकडे. कारण बास ड्रमचा ठोका आणि बासची तार एकाच क्षणी पडली, तरच खालची जमीन पक्की होते. संभ्रम पडला, तर षड्ज आणि पंचम या दोन स्वरांवर राहावे. अलंकारांच्या वाटेस जाऊ नये. आपली करामत दाखविण्याचा मोह प्रत्येक वादकाला असतो. बदली वादकाने तो घरी ठेवून यावे. तो आपले संगीत वाजवावयास आलेला नसतो. अनुपस्थित माणसाचे संगीत चालू ठेवावयास आलेला असतो.

मूळ वादक दर लग्नाला येत, ध्वनिवर्धकामागे खुर्ची टाकून बसत आणि आमचे काही अधिक-उणे झाले, तर उजव्या हाताने आमच्या खांद्यावर ठेका धरीत. रात्री दहाला नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक बंद होत. आम्ही तारा पुसून गिटार पेटीत ठेवीत असू, कारण सकाळी सहाची मिस्सा ठरलेली असे. फेब्रुवारीच्या मध्यास आमचा हात बराच बसला. एका लग्नानंतर सोबत्यांनी तोंडभरून स्तुती केली. मूळ वादक मात्र डावा हात खिशात घालून उभे होते. परतताना गाडीत त्यांनी हलकेच विचारले, “मे महिन्याचं काय ठरलं, फादर?” आमचे वाजविणे जितके सुधारत होते, तितका त्यांचा जीव टांगणीला लागत होता. आम्ही म्हणालो, “राखेच्या बुधवारी आमची गिटार पेटीत जाईल. मे महिना तुमचा आहे.” ते काही बोलले नाहीत; पण हात खिशातून बाहेर आला.

जगाच्या संगीतात अशा बदल्या पुष्कळ झाल्या. १९६३ साली हॉलिवूडमध्ये एका ध्वनिमुद्रणास बासवादक आला नाही, म्हणून कॅरल के या गिटारवादिकेने बास उचलली. पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत त्यांचा खर्ज वाजला. बदलीची चाकरी कायमची झाली. आम्हांला मात्र त्या दिवशी न आलेल्या वादकाविषयी राहून राहून वाटते. उलट १९६४ च्या जून महिन्यात बीटल्सचे ड्रमवादक रिंगो स्टार आजारी पडले, तेव्हा जिमी निकोल यांनी कोपनहेगनपासून ॲडलेडपर्यंत त्यांची जागा सांभाळली आणि मेलबर्नला रिंगो येताच ती परत केली. नवा करारही पाहा. यहूदाच्या रिक्त स्थानी चिठ्ठ्या टाकून मत्थियाची निवड झाली, हे आपण ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्याच अध्यायात वाचतो. त्यानंतर संपूर्ण नव्या करारात त्याचे नाव पुन्हा येत नाही. तरी चर्चने १४ मे हा त्याचा सण ठेवला आहे. बारांतील एक जागा त्याने भरली, एवढे श्रेय चर्चला पुरेसे वाटले.

मराठीत ‘बदली’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. आमच्या वाट्याला दोन्ही आले. आम्ही ज्या धर्मग्रामात जातो, तेथे आधीच्या फादरांच्या जागी जातो. काही वर्षांनी आमच्या जागी दुसरे येतात. त्यांच्या वहीतील फुल्या आम्ही वाचाव्या, आमच्या त्यांनी. फार काय, वेदीवर उभे राहून आम्ही जे शब्द उच्चारतो, ते तरी आमचे कोठे असतात? ज्याची ती जागा आहे, त्याच्या नावाने आणि त्याच्या वतीने आम्ही बोलतो. हे सर्व आम्हांला सेमिनरीत ईशज्ञानाच्या वर्गात शिकविले होते. त्या लग्नसराईत ते बोटांना कळले.

बँडने मे महिन्यासाठीही आग्रह केला. आम्ही नम्रपणे नकार दिला. उपवासकाळाचे चाळीस दिवस मूळ वादक रबरी चेंडू दाबीत राहिले, फिजिओथेरपीला जात राहिले. दोन बोटे पुरती सुधारली नाहीत. तेव्हा त्यांनी आपलीच वही नव्याने लिहिली. स्वर कमी केले, फुल्या वाढविल्या. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या पहिल्या लग्नाचे आमंत्रण आम्हांला होते, पण आम्ही मुद्दाम गेलो नाही. नव्या-जुन्याची तुलना त्या रात्री कोणी करू नये, असे वाटले. लग्न जवळच्याच वाडीत होते. खर्जाच्या जाड तारेची ध्वनिलहर आठ मीटरहून लांब असते. भिंती आणि झाडे तिला फारशी अडवीत नाहीत. त्यामुळे धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर गाणे ऐकू येत नव्हते, शब्द तर नव्हतेच. फक्त बास येत होती. वॉल्ट्झ चालू होता. कडव्याच्या अखेरीस एक मात्रा रिकामी गेली, आणि कोण वाजवीत आहे हे आम्हांस कळले.

वाचकहो, लग्नघरी नवरा-नवरीचे अभिनंदन आपण सारेच करतो. गायकालाही शाबासकी देतो. पुढच्या लग्नात घरी निघण्यापूर्वी क्षणभर मागच्या बाजूस जावे आणि चार तारा पुसणाऱ्या त्या माणसाला जेवलात का, एवढे विचारावे. बहुधा तो जेवलेला नसतो.