कुंपणाच्या आतली माती

मुंबईतल्या म्हाडाच्या एका जुन्या वसाहतीत माझी बरीच वर्षे गेली. या राहण्यातून एक मत पक्के झाले आहे : इमारतींमधल्या मोकळ्या मातीत वाढलेली झाडे ही पाणी आणि विजेइतकीच वसाहतीची गरज आहे. तांबटाची टुकटुक कधी सुरू झाली, ताम्हण यंदा कधी फुलली, हे इथे दूध आणायला जाता-येता कळते. संध्याकाळी पारावर बसणाऱ्या बायकांना एकमेकींच्या घरातली आजारपणे ठाऊक असतात, कारण बसायला सावली आहे. निसर्गाशी आणि शेजाऱ्याशी ओळख एकाच जागी वाढते, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल की झाडीच्या वसाहतींत मुळात खाऊनपिऊन सुखी माणसे राहतात, त्यांच्या समाधानाचे श्रेय झाडांना कशाला? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मला शिकागोच्या रॉबर्ट टेलर होम्समध्ये सापडते. 16 मजल्यांच्या 28 इमारतींची ही सरकारी वसाहत 1962 मध्ये पूर्ण झाली. रहिवासी अत्यंत गरीब. पुढे काही इमारतींभोवती झाडे उरली, काहींभोवती नुसते डांबर आणि सिमेंट. घर कोणत्या इमारतीत मिळावे हे रहिवाशाच्या हाती जवळपास नव्हते, त्यामुळे झाडे सुखवस्तूंच्याच वाट्याला आली असे म्हणता येत नाही. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी तिथल्या 145 स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या इमारतीभोवती झाडे होती, त्यांचे चित्त अधिक एकाग्र होत होते आणि घरातली भांडणे, मारहाण त्या कमी सांगत होत्या. झाडाने गरिबी हटली नाही. थकलेल्या मनाला उसंत मात्र मिळाली. फिलाडेल्फियात तर 541 ओसाड भूखंड चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून काहींवर गवत आणि थोडी झाडे लावली, काहींवरचा फक्त कचरा उचलला, काही तसेच ठेवले. 2018 मध्ये निष्कर्ष आले : जिथे हिरवळ केली तिथल्या शेजाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण तशाच ठेवलेल्या जागांच्या तुलनेत 41.5 टक्क्यांनी घटले. नुसता कचरा उचलण्याने असा ठोस फरक पडला नाही.

‘मुंबईत बोरिवलीचे अख्खे राष्ट्रीय उद्यान आहे, मग आवारात झाडे कशाला?’ असेही विचारले जाते. उद्यान हवेच, पण तिथे रविवारी जायचे. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या बाईला तेही जमत नाही. पावसाळ्यात झाडे पडतात, ही भीती मात्र मी हलकी मानत नाही, माणसे खरोखर दगावतात. पण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकायचे, खोदकामात मुळे तोडायची, एकाच बाजूच्या फांद्या छाटायच्या आणि मग दोष झाडाला द्यायचा, हे बरोबर नाही. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीच्या प्रकरणात बजावले होते.

खरी कसोटी आता पुनर्विकासात आहे. नव्या आराखड्यांत ‘पोडियम गार्डन’ ठळक दाखवतात. पण खाली पार्किंगचे तळघर आणि स्लॅबवर हातभर माती, अशा जागी हिरवळ, शोभेची झुडपे येतील. जांभूळ, करंज यांसारखा मोठा वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या तिथे तग धरणार नाही, आणि पावसाचे पाणीही जमिनीत मुरणार नाही. तुमच्या सोसायटीत असा प्रस्ताव आला असेल, तर सर्वसाधारण सभेत कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंड यांच्या बरोबरीने हेही विचारा : जिच्याखाली तळघर नाही अशी जमीन किती राहणार आणि आजची कोणती झाडे जागची हलणार नाहीत? उत्तर करारनाम्यात लिहून घ्या, मगच सही करा.