नात्यातल्या नसलेल्या ताईंना

प्रिय ताई,

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ वाचून ती बोलणं समजून घेते. पहिल्या बाळंतपणात लेबर रूममध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. ‘जोर लाव’ म्हणतायत की ‘थांब’, तिला कळेना. चुकली की अंगावर ओरडत, आणि तेही तिला त्यांच्या डोळ्यांवरूनच समजायचं. मी दाराबाहेर उभी होते. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

दुसऱ्या खेपेला तुम्ही होतात. सातव्या महिन्यातच घरी येऊन तिच्याकडून खुणा शिकून घेतल्यात. तळहात एकदा दाबला की श्वास सोडायचा, दोनदा दाबला की जोर लावायचा, हे तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत. चौदा तास तिच्या उशाशी बसलात. कंबर चोळलीत, कुशीवर वळवलंत, डॉक्टरांचं म्हणणं पाटीवर लिहून दाखवलंत आणि तिचं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचवलंत.

तिच्या सासूबाईंना तुम्ही सुईण वाटलात. सुईण बाळंतपण करते, नाळ कापते. तुम्ही डूला, म्हणजे बाळंतपणातली सोबतीण; तुम्ही तपासत नाही, औषध देत नाही. ‘मग पैसे कशाचे?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी गप्प बसले. आज उत्तर देते. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांची माहिती आहे. कळा सुरू असताना अखंड सोबत मिळाली, तर सिझेरियनची वेळ कमी येते आणि कळाही थोड्या लवकर आटपतात, असं त्यात दिसलं. पैसे त्या अखंड बसण्याचे.

लग्न न झालेली मुलगी, पोटातच बाळ गेलेली बाई, साऱ्यांजवळ तुम्ही बसता. कोझिकोडच्या सरकारी रुग्णालयात २०२३ साली एका ट्रान्स पुरुषाने बाळाला जन्म दिला. त्याचा विषय निघाला तेव्हा, अशा माणसाला ‘आई’ म्हणायचं की ‘बाबा’, हे आधी त्यालाच विचारायचं, असं तुम्ही सहज बोलून गेलात. मला ते तोवर सुचलंही नव्हतं.

पण ताई, तुम्ही आत जाऊ शकलात, कारण रुग्णालय खाजगी होतं आणि आमच्याकडे पैसे होते. सरकारी रुग्णालयांत सोबतीण असावी, असं केंद्राने २०१६ साली सांगितलं खरं, पण ती नात्यातली बाई हवी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली. जिचं माहेर शेकडो मैलांवर आहे, जिला घरच्यांनी टाकलंय, तिने ही नात्यातली बाई कुठून आणायची? सर्वांत एकटी जी आहे, तीच या नियमात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली शिफारस केली ती बाईच्या पसंतीच्या सोबतीची. नात्याची अट तिथे नाही.

तुम्ही सगळ्या डूला मिळून राज्याच्या आरोग्य विभागाकडे जा. ‘नात्यातली’ हा शब्द काढून ‘तिच्या पसंतीची’ असं लिहायला लावा. अर्जावर पहिली सही करायला माझी बहीण तयार आहे.

तुमची,
एका बाळंतिणीची थोरली बहीण