एका ‘म्हणे’ची किंमत

फोन दुपारी आला. पलीकडच्या बाईंनी आधी माझं नाव विचारलं, मग ते परीक्षण मीच लिहिलंय ना, याची खात्री करून घेतली. आवाज शांत होता. एका जुन्या खुनावर बेतलेल्या मालिकेबद्दल मी रविवारच्या पुरवणीत लिहिलं होतं. त्या खुनात गेलेला माणूस म्हणजे या बाईंचा थोरला भाऊ. मला वाटलं, मालिकेविषयी तक्रार असेल. त्या म्हणाल्या, “मालिकेचं मी काही म्हणत नाही. काही भाग काल्पनिक आहे अशी पाटी त्यांनी सुरुवातीलाच लावलीय. पण तुम्ही लिहिलंय, ‘कर्जात बुडालेला, दारूच्या आहारी गेलेला दुकानदार’. अहो, दादानं उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. माळकरी होता तो.”

मी पुरवणी काढून पाहिली. वाक्य तसंच होतं. मी मालिकेतल्या पात्राविषयी लिहितेय असं मला वाटत होतं, पण त्या वाक्यात ‘मालिकेत’ हा शब्द कुठेच नव्हता. पडद्यावर पाहिलेली गोष्ट मी माझ्या हातानं वस्तुस्थिती करून छापली होती. पुढच्या रविवारी आम्ही खुलासा दिला. परीक्षण अर्धं पान होतं, खुलासा दोन ओळींचा. ते अर्धं पान ज्यांनी वाचलं, त्यांतल्या कितीजणांची नजर त्या दोन ओळींवर गेली असेल?

त्या दिवसापासून माझं काम बदललं. गुन्ह्यांवरच्या मालिका, माहितीपट, पॉडकास्ट यांची परीक्षणं मी त्याआधीही लिहीत होते. अभिनय, वेग, छायाचित्रण, शेवट धक्कादायक आहे की नाही, असं सगळं पाहत होते. इतर कुठल्याही कथेला जे माप लावतात तेच माप लावत होते. पण या कथांमध्ये एक माणूस खरोखर मेलेला असतो आणि त्याला खुलासा पाठवता येत नाही. परीक्षण लिहिणाऱ्यानं हे क्षणभरही विसरून चालत नाही.

आपल्या भाषेत एक लहानसा शब्द आहे, ‘म्हणे’. माझी आजी तो फार काटेकोरपणे वापरायची. “त्यांच्याकडे म्हणे रोज भांडणं व्हायची,” असं ती म्हणाली, की ते तिनं पाहिलेलं नाही, तिच्या कानावर आलंय, हे ऐकणाऱ्याला कळायचं. गावगप्पांमध्ये माणसांची बदनामी होतच असे, पण त्या एका शब्दानं ऐकणाऱ्याच्या हाती विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचा अधिकार तरी उरायचा. दृश्याला ‘म्हणे’ लावता येत नाही. कॅमेऱ्यानं बाटली दाखवली की बाटली असते. अंधाऱ्या जिन्यावरून कुणी चढताना दिसलं की तो चढलेलाच असतो. मालिकेच्या आरंभीची पाटी दहा सेकंदांत विरते, चित्र मात्र वर्षानुवर्षं डोक्यात राहतं. म्हणून तो गळालेला ‘म्हणे’ परत जागेवर ठेवणं हे परीक्षण लिहिणाऱ्याचं पहिलं काम आहे असं मी मानते.

त्यासाठी मी वहीच्या पानावर तीन रकाने आखते: ‘दाखवलं’, ‘सिद्ध झालं’ आणि ‘म्हणे’. पहिल्यांदा मालिका पाहताना मी वही उघडत नाही, साध्या प्रेक्षकासारखी पाहते. आपण कुठे खिळलो, कुठे घाबरलो, कुठे रडलो, हे आधी प्रामाणिकपणे कळायला हवं. दुसऱ्यांदा पाहताना वही समोर असते. खटल्याचा निकाल उपलब्ध असेल तर मी दोन्हींच्या मध्ये तो वाचून काढते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल कुणालाही वाचायला मिळतात. सुरुवातीला त्यांची भाषा जड जाते, पण न्यायालय एकेक गोष्ट कशावरून मान्य करतं आणि कशावरून नाकारतं, हे वाचण्याची सवय लागली की मालिका पाहण्याची नजरच पालटते.

या तीन रकान्यांचं महत्त्व मला सर्वांत जास्त नानावटी खटल्यानं शिकवलं. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्यावर त्यांच्या राहत्या घरी गोळ्या झाडल्या. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयानं खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली. हा झाला ‘सिद्ध झालं’चा रकाना. आता आपल्या ओळखीच्या चार माणसांना विचारून पाहा. बहुतेकजण सांगतील, नानावटी सुटला. कारण लोकांच्या लक्षात ज्यूरीचा कौल राहिला, आणि सिनेमानं तो पुन्हा पुन्हा पक्का केला. १९६३ पासून या खटल्याचे पडसाद हिंदी पडद्यावर उमटत आले आहेत. २०१६ च्या ‘रुस्तम’मध्ये नावं बदललेली आहेत, नायक निर्दोष सुटतो, आणि मेलेला माणूस देशाच्या संरक्षण व्यवहारातल्या भ्रष्टाचारात गुंतलेला दाखवला आहे. नावं बदलली तरी कथा कुणाची आहे, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एका टॉवेलची नोंद आहे. आहुजा नुकतेच आंघोळ करून आले होते, कमरेला टॉवेल होता. झटापटीत गोळ्या सुटल्या असा बचाव होता. पण झटापट झाली असती तर टॉवेल सुटून पडला असता, आणि मृतदेहावर तो जसाच्या तसा होता. इतक्या घरगुती गोष्टीवरून न्यायालय सत्याकडे सरकतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबले होते. त्या घरात त्या वेळी आहुजांची बहीणही होती. आवाज ऐकून ती धावत आली, पुढे तिनं साक्ष दिली, आणि माफीच्या वेळी तिची लेखी संमतीही घेतली गेली. पडद्यावर आपल्या लक्षात राहतात ते गणवेशातला नवरा, पत्नी आणि तिचा प्रियकर. भावाचा मृतदेह पाहिलेली बहीण कुठेतरी कडेला उरते. हा निकाल वाचताना मला फोनवरचा तो शांत आवाज आठवतो.

माहितीपट पाहताना वेगळी सावधगिरी लागते, कारण तिथे ‘काल्पनिक’ अशी पाटी नसते आणि आपण आधीच विश्वास टाकून बसलेलो असतो. २०१५ च्या ‘द जिंक्स’चा शेवट पाहून जगभरचे प्रेक्षक हादरले. खुनांचा संशय असलेला अमेरिकेतला धनाढ्य रॉबर्ट डर्स्ट मुलाखत संपल्यावर स्वच्छतागृहात जातो, कॉलरचा माइक चालूच असतो, तो स्वतःशी पुटपुटतो, आणि अखेरीस सगळ्यांना मारल्याची कबुली दिल्यासारखी वाक्यं ऐकू येतात. चार वर्षांनी न्यायालयातल्या कागदपत्रांतून उघड झालं, की ती वाक्यं त्याच्या लांबलचक पुटपुटण्यातून वेचून, क्रम बदलून जोडलेली होती. डर्स्ट २०२१ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरला. म्हणजे माणूस दोषी होता, तरीही ते दृश्य जसं घडलं तसं नव्हतं. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि परीक्षणात दोन्हींना जागा हवी. आरोपी खरोखर दोषी निघाला म्हणून कात्रीचं काम माफ होत नाही. तेव्हापासून माहितीपटाचे महत्त्वाचे प्रसंग मी डोळे मिटून एकदा नुसते ऐकते. वाक्याच्या मध्ये श्वास तुटतो, मागच्या खोलीचा आवाज अचानक बदलतो, उत्तराच्या आधीचा प्रश्न ऐकूच येत नाही. कानाला जोड जाणवतात, डोळ्यांना जाणवत नाहीत.

पॉडकास्टमध्ये तर सगळा व्यवहारच कानाचा. ‘सीरियल’ या २०१४ च्या पॉडकास्टनं हा प्रकार घराघरांत नेला. बाल्टिमोरमधली शाळकरी मुलगी हे मिन ली हिचा जानेवारी १९९९ मध्ये खून झाला आणि तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद याला जन्मठेप झाली. सारा केनिगनं १२ भागांत या खटल्यातल्या शंका उलगडल्या. तिचं मोठं बळ म्हणजे तिची कबुली, की आपल्यालाही नक्की कळत नाही. एका अर्थी ती सतत ‘म्हणे’ म्हणत होती. पण मैत्रिणीसारखा आवाज दर आठवड्याला कानाशी बोलू लागला की ऐकणारा तिच्याबरोबर एका माणसाच्या बाजूनं झुकतो, आणि मेलेल्या मुलीची डायरीही त्या ओघात पुरावा म्हणून वाचली जाते. पुढे २०२२ मध्ये सय्यदची शिक्षा रद्द झाली. मुलीच्या कुटुंबाला आपलं म्हणणं मांडायची नीट संधी मिळाली नव्हती म्हणून वरच्या न्यायालयानं २०२३ मध्ये ती पुन्हा लागू केली. २०२५ मध्ये, भोगली तेवढी शिक्षा पुरे, असं न्यायालयानं ठरवलं, पण दोषी असल्याचा निकाल कायम आहे. पॉडकास्ट १२ भागांत संपला, त्या कुटुंबाला मात्र पुढची अनेक वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. म्हणून अशा कलाकृतीवर लिहिताना ‘अखेर सत्य उघड झालं’ असं वाक्य मी लिहीत नाही.

दृश्याला ‘म्हणे’ लावता येत नाही असं मी वर लिहिलं, त्याला एक मोठा अपवाद आहे. एरल मॉरिसचा १९८८ चा ‘द थिन ब्लू लाइन’ हा माहितीपट. १९७६ मध्ये डॅलसमध्ये एका पोलिसाला रात्री रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या. त्या खुनाबद्दल रॅन्डल अॅडम्सला आधी फाशीची आणि मग जन्मठेपेची शिक्षा झाली. मॉरिस तो प्रसंग नाट्यरूपात पुन्हा पुन्हा दाखवतो, आणि दर वेळी त्यातलं काहीतरी बदलतं, कारण दर वेळी तो वेगळ्या साक्षीदाराचं म्हणणं दाखवतो आहे. आपण पाहतो ते घडलेलं नाही, कुणीतरी सांगितलेलं आहे, हे तिसऱ्या वेळेपर्यंत प्रत्येकाच्या लक्षात येतं. १२ वर्षं कैदेत काढून अॅडम्स १९८९ मध्ये बाहेर आला. मारामारी, रक्त, संगीत यांपेक्षा ‘हे कोण म्हणतंय?’ या प्रश्नातच केवढी ओढ असते, ते या माहितीपटानं दाखवून दिलं.

तोच प्रश्न मी आपल्याकडच्या मालिकांनाही विचारते. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी जे खून झाले, त्यांत लहान मुली आणि बायका बळी गेल्या. २०२४ ची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. अधिकाऱ्याच्या आठवणींतून गोष्ट उलगडू लागली की तो गावात पोचतो तिथून ती वेग घेते, आणि त्याआधीचं गाव, त्या मुलींचं खेळणं, त्यांच्या आयांचं पाण्याला जाणं, हे सगळं त्याच्या वहीबाहेरचं असतं. हा त्या पुस्तकाचा दोष नाही. तपास करणाऱ्यानं तपासच लिहायचा. पण मालिकेवर लिहिताना ही गोष्ट कुणाच्या वहीतून आली आणि कुणाला वहीच नव्हती, हे मला सांगावंच लागतं.

शब्दांचीही काळजी घ्यावी लागते. पकडला तो संशयित, ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी, न्यायालयानं दोषी ठरवल्यावर तो गुन्हेगार. मराठी बोलण्यात आणि छापण्यात हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पूर्वी माझ्याही लिखाणात यायचे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि ते बंधन परीक्षणालाही आहे. ‘मालिकेत दाखवलं आहे’, ‘न्यायालयानं नोंदवलं आहे’, ‘बचाव पक्षाचं म्हणणं होतं’ असे शब्द सारखे आले की वाक्य लांबतं आणि त्याचा झोक जातो, अशी तक्रार संपादक करतात. झोक गेला तरी चालेल. एका माळकरी माणसाला मी एकदा झोकदार वाक्यात दारुडा केलं आहे.

तुम्हीही या मालिका पाहता, पॉडकास्ट ऐकता आणि दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्याविषयी बोलता. माणसाबद्दलचं लोकांचं मत छापील परीक्षणापेक्षा तिथेच जास्त ठरतं. म्हणून एकच मागणं आहे. बोलताना त्या मेलेल्या माणसाबद्दल काही सांगाल, तर आधी ‘मालिकेत दाखवलंय’ एवढं म्हणा, आणि ते म्हणायला सुचलं नाही तर आजीचा ‘म्हणे’ तरी वाक्यात ठेवा. त्याची बहीण कदाचित पलीकडच्याच टेबलाशी बसलेली असेल.