पाकीट आणि पोस्टकार्ड

माझे वडील गावी काकांना दोन तऱ्हेची पत्रे लिहीत. पोस्टकार्डावर 'सर्व क्षेम, पाऊस बरा' एवढेच. कर्ज, आजीचे दुखणे, आत्याची मोडलेली सोयरीक हे सारे पाकिटात. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, हे धरूनच त्याची भाषा घडलेली असे. तीत खोटे काही नसे, पण खरेही फारसे नसे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने रात्री व्हॉट्सॲपवर विचारले, "मॅडम, इथलं दुसरं कोणी वाचत नाही ना?" मी 'नाही' असे कळवले. मग तिने घरातले जे लिहिले, ते येथे सांगण्याचे कारण नाही. माझे ते 'नाही' एन्क्रिप्शनच्या भरवशावर होते. संदेश दोन टोकांच्या फोनवरच उघडतो, मधल्या कंपनीलाही वाचता येत नाही.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेश कंपन्यांवर एक बंधन घातले: आदेश आल्यास, मजकूर देशात प्रथम कोणी पाठवला ते शोधून द्यावे. त्याला त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. सरकारची बाजू पोकळ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवण्याच्या अफवेपायी जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. अफवा पेरणारा सापडू नये, असे कोण म्हणेल?

पण उद्या कोणता संदेश शोधावा लागेल, हे आज ठाऊक नसते. म्हणून खूण प्रत्येकाच्याच संदेशावर ठेवावी लागते. १८९८ च्या टपाल कायद्यातही पत्र अडवण्याचा अधिकार होता. तो वाढवणाऱ्या १९८६ च्या विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही. तरी तेव्हा संशय आल्यावर पाकीट उघडले जाई. सर्वांच्या पाकिटांवर आधीच खूण करून ठेवा, असे कोणी म्हणत नव्हते. खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. त्यावरचे बंधन गरजेपुरतेच असावे, हेही त्यात आले.

'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?' असे स्टाफरूममध्ये सहज विचारले जाते. त्या मुलीपाशी लपवण्यासारखे होते, आणि तिचा गुन्हा काहीच नव्हता. मला 'नाही' म्हणता आले नसते, तर तिनेही 'सर्व क्षेम' एवढेच कळवले असते. आणि मी ते खरे मानून निवांत झोपले असते.